खरी विद्यालये व पदव्यांची दुकाने

आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नावे छापण्याची प्रथा जुनी आहे. नावापुढे पदवी, पदवीपुढे श्रेणी, आणि त्याखाली वडिलांचे नाव व गाव. स्मरणिका हाती पडताच प्रथम हीच पाने उघडणारी मंडळी पुष्कळ आहेत व त्यांत आम्हीही एक आहोत. गेली चार वर्षे ही यादी तपासून देण्याचे काम कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविले आहे. ते करीत असता असे ध्यानात आले की, पूर्वी या यादीत पाच-सहा विद्यालयांची नावे असत आणि ती सर्वांच्या ओळखीची असत. आता दर वर्षी एकदोन नावे अशी येतात की, ती संस्था कोठे आहे, तेथे कोण शिकविते आणि पदवी देण्याचा अधिकार तिला कोणी दिला, हे खुद्द विद्यार्थ्यासही सांगता येत नाही. म्हणून पदवी देण्याचा अधिकार आपल्या देशात कोणास व कसा प्राप्त झाला, आणि त्या अधिकाराची नक्कल करणारे कसे निपजले, याचा थोडा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा असे मनात आले. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे व नंतर जिल्हा परिषदेच्या शाळांतील नोकरी, एवढीच आमची शिदोरी. तेव्हा विद्वत्तेचा आव येथे आणावयाचा नाही.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने स्थापन झाले. त्याच साली कलकत्ता व मद्रास येथेही विद्यापीठे निघाली. या तिन्ही विद्यापीठांचा नमुना लंडनच्या विद्यापीठावरून घेतलेला होता. त्यातील मुख्य गोष्ट अशी की, विद्यापीठ आरंभी स्वतः शिकवीत नसे. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांनी करावयाचे आणि परीक्षा विद्यापीठाने घ्यावयाची, अशी ही वाटणी होती. कापड कापणारा, शिवणारा आणि अंगावर घालून पाहणारा एकच असला तर चूक झाकण्याचा मोह होतो, हे आपल्या शिवणकामाच्या धंद्यात कोणास सांगावयास नको. विद्येच्या प्रांतात हा मोह टाळण्यासाठी ही व्यवस्था फार उपयोगी पडली. १८६२ साली बी. ए. ची पहिली तुकडी बाहेर पडली. तीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे होते. या मंडळींच्या नावापुढील दोन अक्षरांस समाजात जे वजन आले, ते अशा परक्या परीक्षकाच्या पारखीमुळे आले. पुढे १९०४ च्या कायद्याने संलग्न महाविद्यालयांची तपासणी करण्याचा अधिकार विद्यापीठांस मिळाला. ग्रंथालय आहे की नाही, शिक्षक पुरेसे आहेत की नाही, हे पाहून संलग्नता द्यावी अथवा काढून घ्यावी, असे ठरले. आज आपण ज्यास मान्यता म्हणतो तिचे मूळ येथे आहे.

ज्या नाण्यास बाजारात किंमत येते त्याचे खोटे नाणे पाडणाराही लवकरच उभा राहतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जॉन ब्यूकॅनन नावाचा एक गृहस्थ वैद्यकीय विद्यालयाचा अधिष्ठाता म्हणवून घेई व वर्गात पाऊल न टाकलेल्या लोकांस डॉक्टरकीचे कागद विकी. १८८० साली एका वर्तमानपत्राने त्याचे बिंग फोडले. तेव्हा या महाशयांनी आपण नदीत बुडून मेलो असा देखावा करून पळ काढला, परंतु लवकरच ते सापडले. आपल्या देशातही पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदव्या स्वतःच्याच अधिकाराने वाटणारी मंडळी पुढे निघाली. त्यांस आळा घालण्यासाठी १९१६ साली इंडियन मेडिकल डिग्रीज अ‍ॅक्ट संमत झाला. पदवी देण्याचा अधिकार नसलेल्याने ती देऊ नये आणि ती न मिळविलेल्याने ती नावापुढे लावू नये, हा त्या कायद्याचा आशय.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल की, मग सरकारने मानले ते खरे आणि सरकारने न मानले ते खोटे, एवढेच ना? प्रकरण इतके सोपे नाही, आणि याच ठिकाणी आपल्या लोकांचा गोंधळ होतो.

ज्या १९१६ साली वरील कायदा झाला, त्याच साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्याजवळ हिंगणे येथे महिला विद्यापीठ काढले. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती त्यांच्या वाचनात आली होती. स्त्रियांस मातृभाषेतून व त्यांच्या जीवनास जुळेल असे उच्च शिक्षण द्यावे, हा त्यांचा हेतू. सरकारची सनद या विद्यापीठास नव्हती. गृहीतागमा ही त्यांची पदवी सरकारी कचेरीत चालत नसे. या विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे ही संस्था मान्यतेवाचून चालली. तीच गोष्ट १९२१ साली पुण्यास निघालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची. असहकाराच्या काळात सरकारी महाविद्यालये सोडून आलेल्या तरुणांसाठी ते निघाले. तेथील वाङ्मयविशारद ही पदवी घेणाऱ्यास इंग्रज सरकारच्या नोकरीची आशा धरताच येत नव्हती.

आपल्या नगरचे उदाहरण तर घरचेच आहे. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली येथे आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. त्या वेळी आयुर्वेदाच्या वैद्यांची सरकारदरबारी नोंद होण्याचीच सोय नव्हती. मुंबई इलाख्यात तसा कायदा १९३८ साली झाला. तोवर एकवीस वर्षे शास्त्रीबुवांचे विद्यार्थी कोणत्या कागदाच्या बळावर वैद्यकी करीत होते? ते शिकलेल्या विद्येच्या बळावर करीत होते. औषधींच्या गुणधर्मांवरील शास्त्रीबुवांचे ग्रंथ आजही अभ्यासले जातात, आणि त्यांचे नाव धारण करणारे ते महाविद्यालय आजही नगरात उभे आहे. आता ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, म्हणजे विद्या आधी आली व मान्यता मागाहून आली.

मग कर्वे, टिळक विद्यापीठाचे चालक व गुणेशास्त्री एकीकडे आणि फिलाडेल्फियाचा तो अधिष्ठाता दुसरीकडे, यांत भेद कोणता? दोघांपाशीही सरकारी मान्यता नव्हती. आमच्या मते भेद एवढाच की, पहिल्यांनी ती नसल्याचे कधी लपविले नाही. आमची पदवी सरकार मानीत नाही हे ठाऊक असलेलाच विद्यार्थी त्यांच्याकडे येई, आणि येई तो शिकण्यासाठीच येई. दुसऱ्याने मात्र शिकविले काहीच नाही आणि अधिकार असल्याचा बहाणा केला. मान्यता नसणे हा गुन्हा नव्हे, ती असल्याचे भासविणे हा गुन्हा होय. कोणत्याही संस्थेच्या दारात उभे राहिल्यावर दोन वेगळे प्रश्न विचारावेत: येथे खरोखर शिकवितात काय, आणि येथला कागद कोठे चालतो? चांगली संस्था दोन्ही प्रश्नांस सरळ उत्तर देते, मग दुसऱ्याचे उत्तर ‘कोठेच नाही’ असे का असेना.

कागद कोठे चालतो याबरोबर केव्हा चालतो हेही पाहावे लागते. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाची वैद्यविशारद परीक्षा आपल्या प्रांतातही अनेकांनी दिली. संस्था नामांकित, तिचे हिंदीचे कार्य थोर. परंतु भारतीय चिकित्सेच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात या परीक्षेसमोर १९३१ ते १९६७ अशी मुदत घातलेली होती. १९६७ नंतर तोच कागद घेणाऱ्यास वैद्य म्हणून नोंदणी मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व निकाल मुदतीच्याच बाजूने लागला. वडिलांचे प्रमाणपत्र चालले म्हणून मुलाचे चालेल असे गृहीत धरणारी घरे यात फसली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, परंतु आमच्या तोंडी अद्याप नगरच बसलेले आहे, त्याबद्दल क्षमा असावी. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेजची स्थापना केली. त्यापूर्वी आपल्याकडील मुलास बी. ए. व्हावयाचे तर पुण्या-मुंबईस बिऱ्हाड करावे लागे. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघाले व आपला जिल्हा त्याच्या कक्षेत आला. १९६० साली श्रीरामपुरास रयत शिक्षण संस्थेचे, १९६१ साली संगमनेरास, १९६२ साली नगरात पेमराज सारडा यांच्या नावाचे, अशी महाविद्यालये निघत गेली आणि १९६८ साली राहुरीस कृषी विद्यापीठ आले. या संस्थांच्या इमारती उभ्या राहण्याआधी तेथे वर्ग भरत, हे जुन्या मंडळींस आठवत असेल. इमारत पाहून संस्थेची पारख करणारांनी हे ध्यानात घ्यावे.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असता राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस वाट मोकळी केली. त्याच साली लोणीस प्रवरेचे आणि कोपरगावास संजीवनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. विनाअनुदानित शिक्षणाच्या पैशांवरून राज्यात पुष्कळ बोलले गेले आणि १९८७ च्या कायद्याने देणगी घेऊन प्रवेश देण्यास बंदी झाली. आमच्या ज्ञातीत ‘पैसे घेतात म्हणजे खोटे’ असा एक समज तेव्हापासून रुजला आहे. तो बरोबर नाही. जास्त पैसे घेणारी संस्था कायदेशीर असू शकते व स्वस्तातली बनावट असू शकते. तसेच घरबसल्या शिक्षण म्हणजे खोटे, असे नाक मुरडणारेही आपल्यात आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले आहे. दिवसभर मशीनवर बसून रात्री अभ्यास करणाऱ्या आपल्या कित्येक भगिनी त्यामुळे पदवीधर झाल्या. त्यांच्या पदवीस कमी लेखणे हा अन्याय होय.

पदवी देण्याचा अधिकार कोणास, याचे आजचे उत्तर १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात आहे. त्याचे बावीसावे कलम सांगते की, संसदेच्या अथवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, केंद्राने विद्यापीठासमान मानलेली संस्था, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, यांवाचून कोणी पदवी देऊ नये. तेविसावे कलम ‘विद्यापीठ’ हा शब्दच इतरांस नावात घालू देत नाही. हे मोडणाऱ्यास दंड किती? चोविसाव्या कलमात तो एक हजार रुपयांपर्यंत सांगितला आहे. १९५६ साली हजार रुपये ही लहान रक्कम नव्हती, पण आज एका विद्यार्थ्याच्या फीत असे किती दंड भरून निघतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो. तीत वर्षानुवर्षे नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे आणि बेळगाव जिल्ह्यातील गोकाकच्या एका वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटीचे नाव छापले जात आले. नाव यादीत आले तरी पाटी लगेच उतरतेच असे नाही.

कायद्याच्या या भिंतीस एक खिंडार आहे. बंदी आहे ती पदवीस. ‘डिप्लोमा’ व ‘सर्टिफिकेट’ हे शब्द त्या कलमाच्या बाहेर राहतात. म्हणून लबाड संस्था पदवी देत नाहीत, डिप्लोमा देतात. आणि माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापतात: ‘शासनाकडे नोंदणीकृत’. ही नोंदणी खरी असते! ती असते १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली अथवा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. या कायद्यांखाली भजनी मंडळ, वाचनालय, व्यायामशाळा कोणाचीही नोंद होते. आपल्या ज्ञातिसंघाचीही झालेली आहे. म्हणून काय आपला संघ उद्या परिचारिका तयार करू लागेल?

हे आम्ही आज शहाणपणाने लिहीत आहो, परंतु १९९६ साली आम्हांस हे ठाऊक नव्हते. त्या वर्षी आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्या घरी आले. ते तालुक्याच्या गावी शिलाईचे दुकान चालवीत. मुलगी बारावी झालेली, हुशार, आमच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली. त्यांच्या हाती नर्सिंगच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाचे इंग्रजी माहितीपत्रक होते. ‘गुरुजी, एवढे वाचून सांगा,’ म्हणाले. आम्ही चष्मा लावून ते साद्यंत वाचले. पहिल्याच पानावर सोनेरी मोहर, खाली नोंदणी क्रमांक, आणि शासनाचे नाव. आम्ही म्हटले, सरकारी नोंद आहे, काळजीचे कारण नाही. त्यांनी दोन मशिनांपैकी एक विकले, वर कर्ज काढले व चौदा हजार रुपये भरले. वर्ग एस. टी. स्थानकासमोरील माडीवर भरत. आठवड्यातून तीन दिवस एक बाई येऊन टिपणे लिहून देत. रुग्णालयात नेऊन काम दाखविणे तर दूरच, खाट कशी आवरतात हेही त्या मुलीने दोन वर्षांत पाहिले नाही. परीक्षा त्यांनीच घेतली, निकाल त्यांनीच लावला आणि सर्व मुली प्रथम श्रेणीत आल्या. तेव्हा तरी आम्हांस शंका यावयास हवी होती. उलट आम्ही पेढा खाल्ला, आणि तिचे नाव त्या वर्षीच्या आपल्या स्मरणिकेत छापले गेले.

मुलगी नोंदणीसाठी वडिलांसह मुंबईस महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या कचेरीत गेली. तेथील कारकुनाने मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडून पाहिली आणि या नावाची संस्था नाही, असे सांगितले. परत येऊन पाहतात तो माडीवर संगणकवर्गाची पाटी लागलेली. वडील आमच्याकडे आले ते रागावण्यासाठी नव्हे. ओट्यावर बसून त्यांनी एवढेच विचारले, ‘गुरुजी, नोंद होती ना हो?’ त्या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. मुलीस पुढे एका खाजगी दवाखान्यात काम मिळाले, पण इंजेक्शने देण्यास सांगू लागले तेव्हा ‘मला हे कोणी शिकविलेले नाही’ असे म्हणून तिने ते सोडले. वयाची दोनतीन वर्षे फुकट गेली. नंतर ती मुक्त विद्यापीठातून बी. ए. झाली व आज अंगणवाडीत सेविका आहे. सोनेरी मोहरेचे ते प्रमाणपत्र तिने आमच्यापाशी आणून दिले, ते आमच्या पेटीत आहे.

आमच्यासारखा खेड्यातील मास्तरच फसला असे नव्हे, एक अख्खे राज्यही यात वाहून गेले. छत्तीसगडने २००२ साली खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि पाहता पाहता शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर उभी राहिली. कित्येकांस स्वतःची इमारत नाही, अध्यापक नाहीत. आयोगाचे माजी अध्यक्ष व शास्त्रज्ञ प्राध्यापक यशपाल यांनी वृद्धापकाळी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील ही विद्यापीठे स्थापन करणारी कलमे रद्द केली. तेथे शिकणाऱ्या मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्थांस राज्यातील जुन्या विद्यापीठांशी जोडून घेण्यास सांगितले, ही त्या निकालातील दयेची बाजू. नावात विद्यापीठ आणि पाठीशी कायदा असूनही आत काही नसू शकते, हे त्या वेळी साऱ्या देशास कळले.

तेव्हा पालकांनी विचारावयाचे ते असे. नोंदणी कोणत्या कायद्याखालची, हे प्रथम पाहावे. परीक्षा कोण घेणार, संस्था की बाहेरचे मंडळ? परिचारिकेच्या शिक्षणास परिचर्या परिषद, तंत्रनिकेतनास राज्याचे तंत्रशिक्षण मंडळ, अध्यापकाच्या शिक्षणास १९९३ च्या कायद्याने झालेली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, आणि बी. ए., बी. कॉम. ला विद्यापीठ: यांपैकी जिचा संबंध येतो तिच्या यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव व चालू वर्ष अशी तिन्ही आहेत काय? एकाच संस्थेत एक अभ्यासक्रम मान्य व शेजारच्या खोलीतला अमान्य, असेही आढळते. या याद्या आता मुलांच्या मोबाइलवर पाहता येतात. संस्थेने दाखविलेली छापील प्रत मात्र पुरावा मानू नये, यादी मूळ ठिकाणीच पाहावी. त्यानंतर न कळविता, वर्गाच्या वेळी, एकदा तेथे जाऊन यावे. ‘आजच पैसे भरा, उद्या जागा राहणार नाही’ असे जो म्हणतो त्याच्याकडे उद्याही जागा असते. आणि पावती कोणत्या नावाची मिळते ते पाहावे, कारण पुष्कळदा पाटीवरील नाव एक व पावतीवरील दुसरे असते.

एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलांच्या बाबतीत आपण फसविले जातो, परंतु मोठी माणसे पुष्कळदा हौसेने फसतात. मानद डॉक्टरेट विकत मिळते. शहरातील एखाद्या हॉटेलात समारंभ, झगा, टोपी, फोटो. आपल्या मागील अंकांतील देणगीदारांच्या पानांवर अशा दोन ‘डॉक्टरां’ची नावे छापली गेली आहेत व ती छापताना आम्हीही मुद्रिते तपासली होती. खऱ्या विद्यापीठाची मानद पदवी हा सन्मान असतो, परंतु ती घेणाराने नावामागे ‘डॉ.’ लावू नये असाच शिष्टसंकेत आहे. मग विकत घेतलेलीची कथा काय? ज्या पानावर बाप अशी पदवी मिरवितो, त्याच्या पुढच्या पानावरील मुलाने खरी-खोटी पारखावी अशी अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करावी?

या वर्षी कार्यकारिणीच्या संमतीने आम्ही प्रत्येक गुणवंताकडून परीक्षा घेणाऱ्या मंडळाचे नाव मागविले. दोन नावांस ते मिळाले नाही. संबंधित मंडळांकडे पत्रे लिहिली, तेथून ‘अशी संस्था आमच्याकडे नाही’ असे उत्तर आले. म्हणून ती दोन नावे या अंकात नाहीत. त्या दोन्ही घरांचा आमच्यावर रोष आहे. एका घरी आमचे जाणेयेणे तीस वर्षांचे, तेही बंद झाले आहे. दुसऱ्या घरच्या मुलाचे शिक्षणाचे अद्याप एक वर्ष बाकी आहे. त्याच्या वडिलांनी उत्तराचे पत्र पाहावयास मागितले आहे, आणि येत्या रविवारी आम्ही ते घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत.